लहान मोटार घेताना : हस्तचलित गिअर की स्वयंचलित?

लहान मोटार आज शिक्षक, कारकून, छोटा व्यापारी आणि बागायतदार शेतकरी अशा अनेकांच्या दारात दिसू लागली आहे. घर आणि शेती यांच्या खालोखाल मोठी रक्कम ज्या वस्तूवर खर्च होते, तिची निवड मात्र पुष्कळदा रंग, आकार किंवा शेजाऱ्याचा शब्द यांवरच केली जाते. गिअर हाताने बदलावयाचा घ्यावा की आपोआप बदलणारा, हा प्रश्न अलीकडे घरोघरी निघतो आणि त्याचे उत्तर बहुधा एका वाक्यात व मोठ्या आग्रहाने दिले जाते. कोणी सांगतो, ‘गिअर बदलता येत नाही त्याला ड्रायव्हर कसे म्हणावे?’ तर कोणी म्हणतो, ‘आता कशाला उगाच पाय दुखवून घ्यावयाचे?’ दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. या प्रश्नाचा विचार कोणत्या क्रमाने करावा, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

सुरत शहराच्या पूर्व भागात गोडादरा ही वस्ती आहे. उधना, लिंबायत, डिंडोली आणि गोडादरा या भागांत खानदेशातून, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतून, कापडधंद्याच्या निमित्ताने आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. आमच्या आप्तांपैकी एक कुटुंब असेच गोडादऱ्यात स्थायिक झालेले आहे. वडील, ज्यांना सर्वजण आबा म्हणतात, मागावर आयुष्य काढून निवृत्त झाले. मुलगा रिंग रोडवरील कापडबाजारात नोकरीस आहे आणि सून महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. गेल्या दिवाळीत त्यांच्याकडे जाणे झाले तेव्हा घरात पहिली मोटार घेण्याची चर्चा रंगात आली होती. मुलाचा ओढा हस्तचलित गाडीकडे, सुनेचा स्वयंचलित गाडीकडे. आबा बराच वेळ ऐकत होते. शेवटी त्यांनी अहिराणीत एकच प्रश्न विचारला : “घाटमा गाडी मांगे सरकनी तं काय करानं?”

या प्रश्नाचे उत्तर तेथे कोणालाच धड देता आले नाही. लेखकालाही नाही. पुढील सारे विवेचन त्या प्रश्नाच्या उत्तराच्या शोधातून आलेले आहे.

गिअर कशासाठी?

जड दगड हलवावयाचा असेल तर आपण पहार लावतो. पहारीचे लांब टोक हातभर खाली दाबले की दगड बोटभर उचलला जातो. अंतर गमावून जोर कमवावयाचा, हे पहारीचे तत्त्व होय. मोटारीची गिअरपेटी हेच काम दातेरी चाकांच्या साहाय्याने करते.

एक लिटरच्या आसपास क्षमतेचे लहान पेट्रोल इंजिन गाडी उभी असताना मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेते. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे साधारण चौदा ते पंधरा फेरे झाले म्हणजे रस्त्यावरील चाकाचा एक फेरा पूर्ण होतो. त्यामुळे ॲक्सिलरेटर न दाबताही गाडी माणसाच्या भरभर चालण्याच्या वेगाने पुढे जाते, आणि जोर मात्र भरपूर मिळतो. पाचव्या गिअरमध्ये इंजिनाच्या तीन-साडेतीन फेऱ्यांतच चाकाचा एक फेरा होतो. येथे वेग मिळतो, पण जोर कमी पडतो. म्हणून उभी गाडी पाचव्या गिअरमध्ये हलवू पाहिल्यास इंजिन गचका देऊन बंद पडते, आणि महामार्गावर पहिल्या गिअरमध्ये पळवू पाहिल्यास ते नुसतेच ओरडते. चढाला जोराचा आणि सपाटीला वेगाचा गिअर हा नियम गिअरची सायकल चालविणारा शाळकरी मुलगाही अनुभवाने जाणतो.

गिअर बदलताना इंजिन व गिअरपेटी यांचा संबंध क्षणभर तोडावा लागतो. हे काम क्लचचे. घर्षणाच्या पट्टीने मढविलेली एक तबकडी इंजिनाच्या गतिचक्रावर दाबून बसविलेली असते. पेडल दाबले की ती सुटते, सोडले की पुन्हा घट्ट बसते. ती अर्धवट सुटलेली असते त्या स्थितीला चालक ‘हाफ क्लच’ म्हणतात. गाडी हलविताना ही स्थिती क्षणभर आवश्यक असते. पण पाय सतत क्लचवर ठेवून गाडी चालविण्याची सवय लागली की घासून घासून तबकडी झिजते आणि तिचा जळका वास येऊ लागतो.

हस्तचलित आणि स्वयंचलित यांतील भेद एवढाच की, केव्हा आणि कोणता गिअर टाकावयाचा हा निर्णय पहिल्यात माणूस घेतो, दुसऱ्यात यंत्र घेते. उतार, वजन आणि ब्रेक यांचे नियम दोघांनाही सारखेच लागू असतात. हा मुद्दा विसरला गेला की पुढे फसगत होते.

स्वयंचलित गिअरचे प्रकार

आपल्याकडे स्वयंचलित गिअर नवा वाटला तरी जगात तो जुना आहे. अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीने ‘हायड्रामॅटिक’ नावाची स्वयंचलित गिअरपेटी १९३९ साली बाजारात आणली. हॉलंडमधील डाफ कंपनीने १९५८ साली रबरी पट्ट्यांवर चालणारी ‘व्हेरिओमॅटिक’ ही रचना खास लहान मोटारीसाठी वापरली. आपल्या देशात मात्र दीर्घकाळ हाताच्या गिअरचेच राज्य होते. जुन्या अँबॅसेडर व पद्मिनी गाड्यांचा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली असे, हे पन्नाशीच्या पुढील वाचकांना आठवत असेल. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तिच्यात हा दांडा खाली, दोन आसनांच्या मध्ये होता. स्वयंचलित गाड्या पुढेही मिळत, पण त्या महाग व इंधनाला भारी असा समज होता आणि तो अगदीच निराधार नव्हता. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ ही लहान गाडी कमी खर्चाच्या स्वयंचलित गिअरसह आली आणि मध्यमवर्गीय कुटुंबाला हा पर्याय प्रथमच आवाक्यात आला.

आज लहान मोटारींत आढळणारे प्रकार प्रामुख्याने चार. दुकानात हे सर्व ‘ऑटोमॅटिक’ या एकाच नावाने सांगितले जातात, म्हणून त्यांतील फरक समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिला ‘एएमटी’. यात गिअरपेटी व क्लच नेहमीच्या हस्तचलित गाडीचेच असतात. फक्त क्लच दाबणे आणि गिअर टाकणे ही दोन कामे संगणकाच्या आज्ञेवरून एक यंत्रणा करते. हा सर्वांत स्वस्त प्रकार. गिअर बदलताना गाडी क्षणभर थबकते आणि बसणाऱ्याची मान किंचित हलते. सवयीने हे खटकेनासे होते. आत क्लचची तबकडी आहेच, म्हणून ती झिजतेही.

दुसरा ‘टॉर्क कन्व्हर्टर’. यात इंजिनाचा जोर तेलाच्या माध्यमातून गिअरपेटीकडे जातो. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो, तसे काहीसे हे कार्य होय. चाल मऊ असते. किंमत व इंधनाचा खर्च थोडा अधिक असतो.

तिसरा ‘सीव्हीटी’. येथे ठरावीक गिअर नसतातच. दोन शंक्वाकार पुल्यांमधून फिरणारा पोलादी पट्टा आपली जागा बदलत राहतो आणि प्रमाण अखंड बदलत जाते. गर्दीत हा अत्यंत सुखकर. मात्र एकदम जोर मागितल्यास इंजिनाचा आवाज आधी वाढतो आणि वेग मागाहून येतो.

चौथा दोन क्लचांचा, ‘डीसीटी’. हा चपळ खरा, परंतु रचनेने गुंतागुंतीचा व महाग असल्याने लहान मोटारींत क्वचितच दिसतो.

विजेवर चालणाऱ्या मोटारींत बहुधा एकच कायम प्रमाण असते, क्लच नसतो. तेथे हा प्रश्न उद्भवतच नाही.

दोन रस्ते

आता गोडादऱ्याच्या कुटुंबाकडे वळू. त्यांच्या मोटारीला दोन अगदी निराळे रस्ते कापावयाचे होते.

पहिला रोजचा. गोडादऱ्याहून पर्वत पाटिया, तेथून सहारा दरवाजा आणि रिंग रोड. अंतर थोडे, पण कापडाचे गठ्ठे वाहणारे टेम्पो, रिक्षा, हातगाड्या आणि दुचाक्या यांतून वाट काढीत जावे लागते. दहा पावले पुढे, मग थांबा, पुन्हा दहा पावले. अशा एका फेरीत डावा पाय क्लचवर शेकडो वेळा दाबला जातो. ज्याचा गुडघा धरतो त्याला हा हिशेब निराळा समजावून सांगावा लागत नाही. या रस्त्यावर स्वयंचलित गिअरचा लाभ निःसंशय आहे. पायाची दमणूक वाचते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे चालकाचे लक्ष गिअरवरून सुटून रस्त्याकडे, विशेषतः मध्येच आडव्या येणाऱ्या पादचाऱ्याकडे, राहते.

दुसरा रस्ता वर्षातून तीन-चार वेळा लागणारा, गावाकडचा. कडोदरा, बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर, विसरवाडी आणि मग कोंडाईबारीचा घाट चढून दहिवेल, साक्री व धुळे. सुरतेच्या सखल प्रदेशातून दख्खनच्या पठारावर नेणारी ही चढण आहे. अवजड मालमोटारी तेथे रांगत जातात. पुढची मालमोटार थांबली की मागच्यालाही चढावरच थांबावे लागते आणि पुन्हा चढावरच गाडी हलवावी लागते. आबांचा प्रश्न नेमका या क्षणाचा होता.

हस्तचलित गाडीत त्याचे उत्तर हँडब्रेक हे आहे. हँडब्रेक ओढून धरावा, पहिला गिअर टाकावा, क्लच हळूहळू सोडीत गाडीचा पुढचा भाग किंचित उचलल्यासारखा वाटला की थोडे ॲक्सिलरेटर द्यावे आणि मगच हँडब्रेक सोडावा. ही कला आहे, पण आठवडाभराच्या सरावाने कोणालाही येणारी आहे. सुनेने आपल्या भावाची गाडी चालवीत असताना एका उड्डाणपुलाच्या चढावर हे केले नव्हते. ब्रेकवरून पाय काढून ॲक्सिलरेटरपर्यंत नेईतो गाडी मागे सरकली आणि मागच्या रिक्षाला टेकली. इजा कोणासही झाली नाही. पण रिक्षात लहान मूल बसलेले होते, आणि तेव्हापासून त्यांच्या मनात क्लचविषयी धास्ती बसली होती. स्वयंचलित गाडीचा त्यांचा आग्रह त्या धास्तीतून आलेला होता.

परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटीची गाडी ब्रेक सोडताच हलकेच पुढे रेटते, त्यामुळे सौम्य चढावर ती सहसा मागे सरकत नाही. एएमटीच्या गाडीत मात्र आतील क्लच पुरता बसेपर्यंतच्या अवधीत गाडी मागे येऊ शकते. त्यासाठी अनेक गाड्यांत ‘हिल होल्ड’ नावाची सोय दिलेली असते. ब्रेकवरून पाय काढल्यावरही सुमारे दोन सेकंद ब्रेक लागलेलाच राहतो. ही सोय कोणत्या गाडीत आहे आणि त्याच गाडीच्या कोणत्या किमतीच्या प्रकारात नाही, हे विचारून घ्यावे. ती नसेल तर एएमटीतही हँडब्रेकचाच आधार घ्यावयाचा. आणखी एक चूक सर्रास आढळते. चढावर थांबल्यावर ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी तोलून धरली जाते. एएमटीत याने क्लच तापतो व जळतो. थांबावयाचे असेल तर ब्रेकनेच थांबावे.

चढापेक्षा उतार अधिक धोक्याचा. घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवल्यास ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर दाद देत नाहीत. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरावा, ही जुन्या चालकांची शिकवण आजही खरी आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. हस्तचलित गाडीत हे सहज साधते. स्वयंचलित गाडीत त्यासाठी दांडा ‘डी’वरून ‘एम’ किंवा ‘एल’ अशा खुणेवर न्यावा लागतो. अनेक मालकांनी ही खूण वर्षानुवर्षे वापरलेलीच नसते. गाडी आपोआप चालते म्हणून घाटही आपोआप उतरला जाईल, असे नाही. इंधन वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे तर दोन्ही प्रकारांत आत्मघातकी आहे. शिवाय आजच्या इंजिनांत गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा जवळजवळ थांबतोच, त्यामुळे न्यूट्रलने बचतही साधत नाही.

खर्चाचा हिशेब

एकाच गाडीच्या हस्तचलित व एएमटी प्रकारांच्या किमतींत साधारणपणे पन्नास हजार रुपयांच्या आसपास अंतर असते. टॉर्क कन्व्हर्टर व सीव्हीटी यांसाठी बहुधा लाखाच्या घरात किंवा त्याहून अधिक मोजावे लागतात. लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कराचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. गिअरच्या प्रकारावरून या दरात फरक पडत नाही.

पन्नास हजारांचे अंतर आठ वर्षांवर पसरले तर महिना सुमारे सव्वापाचशे रुपये पडतात. कर्ज काढले असल्यास व्याज निराळे. रोज गर्दीतून ये-जा करणाऱ्यास हा खर्च जड वाटणार नाही. महिन्यातून दोनदा गाडी बाहेर काढणाऱ्यास तो व्यर्थ वाटेल. इंधनाच्या बाबतीत एएमटी आणि हस्तचलित गाड्या जवळजवळ बरोबरीच्या आहेत. वाईट सवयीचा चालक हस्तचलित गाडीतून कमी अंतर काढतो, एवढेच.

गुजरातेत नैसर्गिक वायूची, म्हणजे सीएनजीची, सोय चांगली असल्याने बरेच जण वायूवरील गाडी पसंत करतात. येथे निवड आपोआप मर्यादित होते, कारण वायूवरील बहुतेक लहान गाड्या हस्तचलितच आहेत. सीएनजी व एएमटी एकत्र असलेली मोटार टाटा कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रथम आणली. वायूवर इंजिनाचा जोर काहीसा कमी होतो, त्यामुळे घाटात गिअर लवकर खाली घ्यावा लागतो, हेही विसरू नये.

दुरुस्तीचा विचार गावकऱ्यांनी विशेष करावा. हस्तचलित गाडीचा क्लच तालुक्याच्या गावातील मिस्त्री बदलू शकतो. एएमटीच्या यंत्रणेतील विद्युत भागांत दोष निर्माण झाल्यास बहुधा कंपनीच्या कार्यशाळेकडेच जावे लागते. बॅटरी उतरली तर हस्तचलित गाडी चार माणसांच्या धक्क्याने चालू होते. स्वयंचलित गाडीला ही युक्ती लावू नये, आणि ती ओढून नेण्यापूर्वी माहितीपुस्तिका पाहावी. साक्री तालुक्यात शेतावर राहणाऱ्या आबांच्या धाकट्या भावाला याच कारणास्तव हस्तचलित गाडी योग्य ठरते. रस्ता कच्चा, रहदारी नाही, गाडी चालविणारा एकटा व सरावलेला, आणि मिस्त्री जवळ, पण कार्यशाळा दूर.

चालक कोण?

आपल्या मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १० मध्ये मोटारसायकलींचे गिअर असलेल्या व नसलेल्या असे दोन वर्ग केले आहेत. हलक्या मोटार वाहनांत तसा भेद नाही. म्हणजे स्वयंचलित गाडीवर शिकलेल्या माणसालाही हस्तचलित मोटार चालविण्यास परवाना आडवा येत नाही. जपानमध्ये १९९१ पासून केवळ स्वयंचलित गाडीपुरता मर्यादित परवाना दिला जातो, आणि ब्रिटनमध्येही असाच भेद आहे. आपल्याकडे कायद्याने जे सांगितलेले नाही ते आपल्या विवेकाने पाळावयास हवे. क्लचचा सराव नसता दुसऱ्याची हस्तचलित गाडी घेऊन घाटात जाणे, हे परवाना खिशात असला तरी बेजबाबदारपणाचेच होय.

उलट बाजूही पाहू. स्वयंचलित गाडीत दोनच पेडल असतात. चालक गोंधळून ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबील तर मध्ये अडविणारा क्लच नसतो. एप्रिल २०१९ मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाने अशीच चूक केली आणि रस्ता ओलांडणारी एक आई व तिची लहान मुलगी प्राणास मुकली. म्हणून नियम असा की, स्वयंचलित गाडीत डावा पाय जमिनीवर स्वस्थ ठेवावा. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर ही दोन्ही कामे उजव्याच पायाने, टाच शक्यतो ब्रेकच्या रोखाने टेकवून करावीत. क्लचची सवय असलेल्या माणसाने पहिले चार दिवस मोकळ्या मैदानात काढावेत, कारण डावा पाय जुन्या सवयीने ब्रेकवर आदळतो.

डाव्या पायाला अपंगत्व किंवा जुनाट दुखणे असलेल्यांसाठी स्वयंचलित गिअर सोयीच्याही पलीकडचा आहे. त्यांच्यासाठी तो स्वतंत्रपणे फिरण्याचा मार्ग आहे. अशा व्यक्तींनी परिवहन कार्यालयात व वैद्यकीय अधिकाऱ्याकडे आपल्या क्षमतेची रीतसर खात्री करून घेऊन मगच खरेदी करावी.

खरेदीपूर्वीची चाचणी

१. चाचणीसाठी गाडी मागताना घरात जो सर्वांत कमी सरावलेला आहे, त्याला चालकाच्या जागी बसवावे. सरावलेल्या माणसाला कोणतीही गाडी बरीच वाटते.

२. दुकानासमोरील सपाट रस्त्यावर समाधान मानू नये. एखाद्या पुलाच्या चढावर, मागे वाहन नाही असे पाहून, गाडी पूर्ण थांबवावी व पुन्हा हलवावी. ती किती मागे येते ते पाहावे.

३. घरातील सर्व माणसे बसवून चाचणी घ्यावी. एकट्या चालकासह चपळ वाटणारी गाडी पाच माणसांनिशी चढाला धापा टाकते.

४. दांड्यावरील प्रत्येक खुणेचा अर्थ विचारावा. विशेषतः बऱ्याच एएमटी गाड्यांत ‘पी’ ही उभी करण्याची खूण नसते. तेथे हँडब्रेक ओढून, गाडी गिअरमध्ये ठेवून मगच इंजिन बंद करावयाचे असते.

५. वळण घेताना आणि दुसऱ्या वाहनास ओलांडताना गिअर खाली येण्यास किती वेळ लागतो, याचा अंदाज घ्यावा. महामार्गावर हाच वेळ जीव वाचवितो किंवा घेतो.

निर्णयाचे सूत्र

या साऱ्याचा निष्कर्ष थोडक्यात असा सांगता येईल. घरातील सर्वांत कच्चा चालक आणि आपल्या वाटेवरील सर्वांत अवघड टप्पा, या दोघांची गाठ पडेल तेव्हा जी गाडी सांभाळून घेईल ती आपली गाडी. सर्वांत निष्णात चालकाची हौस किंवा सर्वांत सोप्या रस्त्याचे सुख यांवरून निवड केली तर ती एखाद्या पावसाळी रात्री घाटात उघडी पडते.

गोडादऱ्याच्या घरी पुढे काय झाले, हे सांगणे येथे उचित होईल. मुलगा बहुधा दुचाकीनेच बाजारात जातो, रोजची मोटार सूनच चालविणार, हे बोलता बोलता स्पष्ट झाले. चढावरील सोय असलेली एएमटीची पेट्रोल गाडी त्यांनी पसंत केली. वायूवरील बचतीचा मोह मुलाला सोडावा लागला. आबांनी मात्र एक अट घातली. गाडी घरी येण्यापूर्वी सुनेने मोटार शाळेत हस्तचलित गाडीवर चढावरून गाडी हलविण्याचा धडा पुरा करावा. “भीती वाटते म्हणून सोडलेली गोष्ट मनातून जात नाही,” असे त्यांचे म्हणणे होते. सुनेने पंधरा दिवस पहाटे उठून तो धडा पुरा केला. ज्या उड्डाणपुलावर गाडी मागे सरकली होती, त्याच पुलावर शिक्षकांना शेजारी बसवून हँडब्रेकच्या आधाराने त्यांनी गाडी हलविली. ती एक बोटही मागे आली नाही.

त्यानंतर घरातील आपोआप चालणाऱ्या गाडीकडे पाहण्याची त्यांची दृष्टी बदलली. आता ती त्यांना भीतीपासून पळण्याची वाट वाटत नाही, सोय वाटते. गिअर हाताचा असो वा स्वयंचलित, तो कसे काम करतो हे जाणणाऱ्याच्याच हातात मोटार सुरक्षित राहते.

शिक्षकांसाठी सूचना : गिअरची एक सायकल वर्गाबाहेर उलटी उभी करावी. निरनिराळ्या गिअरमध्ये पायटा एकदा पूर्ण फिरविल्यावर मागचे चाक किती फेरे घेते, हे विद्यार्थ्यांना खडूची खूण करून मोजावयास सांगावे. जोर व वेग यांचा व्यवहार त्यातून मुलांना स्वतःच उमगेल, आणि पुढे कधी मोटारीच्या चालकाच्या जागी बसतील तेव्हा तो धडा त्यांच्या उपयोगी पडेल.